गादीखालचा एक्स-रे: कुठली फिल्म कशानं खराब होते आणि ती टिकवायची कशी

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर जाऊन उतरलं होतं. सांगलीवाडीपासून गावभागापर्यंत ज्याच्या त्याच्या गच्चीवर संसार वाळत पडला होता. गाद्या, वह्या, सातबाराचे उतारे, लग्नाचे अल्बम. त्याच आठवड्यात सांगलीवाडीच्या माझ्या मामी मिरजेला माझ्याकडे आल्या. हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत मामांच्या छातीचे फोटो. फिल्म आठ होत्या, पण एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता.

"सपाट राहावेत म्हणून गादीखाली ठेवले होते रे," मामी म्हणाल्या. "आता डॉक्टर म्हणतात, जुना फोटो आणा. डाग जुना का नवा ते बघायचंय."

मामांना १९९८ साली टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बरे झाले. वीस-एकवीस वर्षांनी खोकला धरला म्हणून एक्स-रे काढला, तर उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला सावली दिसत होती. ती जुन्या टीबीची खूण आहे की नवं काही, याचं उत्तर त्या गठ्ठ्यात अडकलं होतं.

मी एक्स-रे टेक्निशियन. उमेदीची सगळी वर्षं डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेली, नंतर डिजिटल मशिनं आली. दर पावसाळ्यात आयर्विनची पातळी बातम्यांत यायला लागली की मला तो गठ्ठा आठवतो. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी तिकडे सरकायला लागलं की लोक आधार कार्ड, पासबुक, दागिने वरच्या मजल्यावर नेतात आणि फोटो गादीखालीच राहतात. ते कसे ठेवायचे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही पाकीट हातात देतो आणि "पुढच्या वेळी घेऊन या" एवढंच म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. घरातल्या पाकिटात ज्याला आपण 'फिल्म' म्हणतो, त्या तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू असतात. एक पाण्यानं जाते, दुसरी उन्हानं, तिसरी नुसत्या तेलकट हातानंही. म्हणून आपल्याकडे कुठली आहे, हे आधी ओळखायला हवं.

जुनी, ओली फिल्म

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले आणि दीड महिन्यातच त्यानं बायकोच्या हाताचा फोटो काढला. तो काचेच्या प्लेटवर होता. काच जड आणि फुटणारी, म्हणून पुढे लवचिक फिल्म आली. ती ज्या नायट्रेटच्या पदार्थापासून बनायची तो झटकन पेट घ्यायचा. आपल्याकडे आयर्विन पूल झाला त्याच १९२९ साली, मे महिन्यात, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या अशा फिल्म पेटल्या. विषारी धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि १२३ माणसं दगावली. त्यानंतर सहज न पेटणाऱ्या फिल्मचा वापर वाढत गेला. तुमच्या पाकिटात आहे ती पॉलिस्टरची, चांगली चिवट. ती अशी भडकत नाही.

पॉलिस्टर हा नुसता आधार झाला. चित्र असतं ते त्याच्यावरच्या पातळ थरात. हा थर जिलेटिनचा असतो. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं, जेलीत वापरतात तेच जिलेटिन. त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण पसरलेले असतात. जिथे किरण पोचतात तिथले कण जागे होतात. मग डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपर नावाच्या द्रावणात बुडवली की जागे झालेले कण काळ्या चांदीत बदलतात. हाडानं किरण अडवलेले असतात, म्हणून तिथलं चांदीचं मीठ तसंच राहतं. ते काढून टाकायला फिल्म हायपो नावाच्या दुसऱ्या द्रावणात घालायची, आणि शेवटी वाहत्या पाण्यात चांगली धुऊन हँगरला वाळत टाकायची.

धुण्याच्या या पायरीवर मी मुद्दाम थांबतो. पेशंटची रांग लागली की डार्करूममध्ये घाई व्हायची ती इथेच. फिल्म दिसायला तयार असायची, डॉक्टरांनी बघूनही झालेली असायची, मग वीस मिनिटं धुवायची कशाला? पण हायपो अंगात राहिलेली फिल्म पाच-दहा वर्षांनी पिवळी-तपकिरी पडते. तुमच्याकडची जुनी फिल्म कडेनं पिवळी झाली असेल तर दोष तुमच्या कपाटाचा असेलच असं नाही. तो त्या दिवशीच्या आमच्या घाईचाही असू शकतो.

द्रावणात बुडवून तयार होते म्हणून हिला आम्ही 'ओली' फिल्म म्हणतो. ती ओळखायची कशी? ती निळसर असते, वाकवली की कडक खडखडते. कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांची सावली दिसते. डावं-उजवं सांगणारं 'एल' किंवा 'आर', कधी नंबर, कधी तारीख. नाव बहुतेक वेळा हातानं लिहिलेलं असतं.

हिचा शत्रू पाणी आणि दमट हवा. जिलेटिन ओल शोषून घेतं, फुगतं, मऊ होतं आणि शेजारच्या फिल्मला चिकटतं. शिवाय ते बुरशीचं आवडतं खाणं. बेदाण्याचं जे होतं तेच हिचं होतं. तासगावचा बेदाणा नीट वाळवून थंड जागी ठेवला तर टिकतो, त्याला ओल लागली की गोळा होतो आणि बुरशी धरतो. आपल्या भागात कोल्ड स्टोरेज का लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला फिल्मचं वेगळं सांगायची गरज नाही.

आजची ड्राय फिल्म

सिटी स्कॅन, एमआरआय आणि आता बहुतेक डिजिटल एक्स-रे ज्या फिल्मवर मिळतात ती 'ड्राय' फिल्म. ना डार्करूम, ना द्रावणं. प्रिंटरमधून कोरडीच बाहेर पडते. नाव, वय, तारीख, सेंटरचं नाव चित्रासोबतच छापलेलं असतं, आणि सिटी-एमआरआय असेल तर एका फिल्मवर ओळीनं छोटे छोटे फोटो असतात. तिच्यावरचं चित्र उष्णतेनं उमटलेलं असतं. एका प्रकारात लेझर आधी न दिसणारं चित्र काढतो आणि मग १२० अंशांच्या आसपासच्या तापमानात काही सेकंद भाजून ते दिसायला लागतं. दुसऱ्या प्रकारात तापलेल्या बारीक टोकांनी थेट छपाई होते.

हा फरक चहावरून समजतो. ओली फिल्म म्हणजे गाळलेला चहा. हायपोनं नको ती चांदी काढून टाकलेली असते, तिचं काम संपलेलं असतं. ड्राय फिल्म म्हणजे पत्तीसकट ठेवलेला चहा. न वापरलेला कच्चा माल फिल्ममध्येच राहतो. थंड राहिला तर काही बिघडत नाही. पुन्हा तापवला की आणखी काळा होणार.

एप्रिलमध्ये म्हसवडकडचे एक गृहस्थ बायकोच्या कमरेचा एमआरआय दाखवायला आले होते. फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, काच वर केली आणि आधी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आले. दोन-अडीच तास. पाकीट उघडलं तर एक संपूर्ण कड धुरकट काळी. मणके दिसतच नव्हते. बाहेर चाळीस अंश असतील तर बंद गाडीतली हवा तासाभरात साठाच्या आसपास जाते आणि ऊन खाणारा डॅशबोर्ड त्याहून तापतो. त्यांना वाटलं, सेंटरनं हलकी फिल्म वापरली. सेंटरनं ठीकच वापरली होती, पण 'गाडीत ठेवू नका' एवढं वाक्य देताना कुणी बोललं नव्हतं. सुदैवानं सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये स्कॅन होता आणि दुसरी प्रिंट मिळाली.

म्हणून छपाई असलेली कुठलीही फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर, स्कूटरच्या डिकीत, पत्र्याच्या छपराला लागून असलेल्या माळ्यावर, फ्रिजच्या मागे किंवा देवघरातल्या समईजवळ ठेवू नका. आणि फिल्म नीट दिसावी म्हणून तापलेल्या पिवळ्या बल्बला टेकवून धरू नका. खिडकीतला उजेड पुरतो.

सोनोग्राफी आणि ईसीजीचा कागद

तिसरा प्रकार कागदाचा, आणि सगळ्यांत नाजूक हाच. सोनोग्राफीचा तो चकचकीत, काळा-करडा फोटो आणि ईसीजीची चौकटीची पट्टी ही बहुतेक वेळा थर्मल कागदावर असते. एसटीच्या मशिनच्या तिकिटाचा किंवा एटीएमच्या पावतीचा कागद ज्या जातीचा, त्याच जातीची. यात शाई नसते. कागदावरच्या रसायनाला उष्णता लागली की ते काळं होतं. तिकीट शर्टाच्या खिशात राहिलं की आठ दिवसांत पुसट होतं आणि उन्हात राहिलं की काळपट पडतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

अनेक आया पोटातल्या बाळाचा पहिला फोटो जपून ठेवतात, आणि जपण्याच्या भरात त्याचं लॅमिनेशन करतात. लॅमिनेशनचं मशिन म्हणजे दोन तापलेले रूळ. कागद त्यातून गेला की समोरच्या बाजूनं काळी पट्टी बाहेर येते. दुकानदाराचाही दोष नसतो, त्याला तो साधा फोटो वाटतो. एका मुलीनं ती काळी पट्टी माझ्यापुढे ठेवून विचारलं होतं, "यातून काही परत येईल का?" काहीच येत नाही.

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्येही हा कागद ठेवू नका. ते प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते हळूहळू कागदात उतरतं आणि चित्र पुसत जातं. तेल, हँड सॅनिटायझर, सेलोटेप, डिंक यांनीही तेच होतं. उपाय सोपा आहे. सोनोग्राफी किंवा ईसीजी हातात पडला की त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्या. झेरॉक्सची काळी पूड कागदावर वितळून बसलेली असते, ती वर्षानुवर्षं राहते. मूळ कागद साध्या कागदी पाकिटात ठेवा.

मग ठेवायच्या कुठे?

ओल नको, ऊन नको, दाब नको. आपल्या भागात यातलं नेमकं काय सांभाळायचं ते गावावर ठरतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे भिंतीला लागून असलेलं कपाट म्हणजे ओल्या फिल्मचा कर्दनकाळ. फिल्म भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर. आणि दिवाळीत घर आवरताना पाकिटं एकदा उघडून सावलीत तासभर हवेवर ठेवायची. माण, खटाव, जत, आटपाडीकडे ओलीचा त्रास कमी, पण पत्र्याच्या घरात मे महिन्यात वरची फळी तापते. तिथे फिल्म घराच्या सगळ्यांत थंड खोलीत, खालच्या कप्प्यात. आणि कृष्णा-वारणेच्या काठावर? खालचा कप्पा पुराचा, वरचा पत्र्याचा. तिथे मी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा चपटा डबा सुचवतो, आत प्रत्येक फिल्म तिच्या कागदी पाकिटात. पाण्याची बातमी आली की तो डबा एका हातानं उचलता येतो.

गादीखाली का नको, हे आता लक्षात आलं असेल. अंगाची उष्णता, घामाची ओल आणि माणसाचं वजन, तिन्ही एकाच जागी. फिल्म पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचून नाही. गुंडाळी करून रबर लावणं तर दोनदा वाईट. एक तर घडीची खूण जात नाही, आणि रबरातल्या गंधकामुळे चांदी डागाळते. जुन्या चांदीच्या वाट्या-पेले हवेत काळे पडतात तसंच. पाकिटावर नाव लिहायचं असेल तर फिल्म बाहेर काढून लिहा, नाहीतर बॉलपेनचा दाब आतल्या फिल्मवर उमटतो. हातात धरताना दोन्ही हातांनी कडेला धरा, मधे बोटं नकोत. नखाचा ओरखडा हाडातल्या बारीक चिरेसारखा दिसू शकतो. त्या एका रेषेपायी पुन्हा एक्स-रे काढायला पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. धूळ बसली तर मऊ कोरड्या सुती कापडानं टिपा. स्पिरिट नको, काच पुसायचं पाणीही नको.

घराला नवा रंग देणार असाल तर वास जाईपर्यंत पाकिटं शेजारच्या घरी ठेवा. ताज्या ऑइलपेंटच्या वाफाही चांदीच्या चित्राला मानवत नाहीत.

पुराचं पाणी लागलंच तर

मामींच्या पिशवीत अजून थोडं पाणी होतं. त्या पाण्यानंच काम केलं. भिजल्यानं फिल्म लगेच जात नाही. चिकटलेल्या अवस्थेत ती वाळली की जाते. ओलं जिलेटिन सरकतं, पण वाळलं की सरसासारखं पकडतं, आणि मग सोडवायला गेलं की एका फिल्मचं चित्र दुसरीच्या पाठीवर येतं.

म्हणून पहिला नियम: भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नका, पंख्याखाली धरू नका, हेअर ड्रायर तर मुळीच नको आणि जोर लावून सोलू नका. पुराचं पाणी घाण असतं, हातमोजे घाला. मी दोन घमेली घेतली, स्वच्छ गार पाणी भरलं, त्यात फ्रिजमधला बर्फ टाकला. पाणी जितकं गार तितकं जिलेटिन घट्ट राहतं. कोमट पाण्यात ते विरघळायला लागतं. गठ्ठा पहिल्या घमेल्यात ठेवून आम्ही दोघं नुसतं बसून राहिलो. पाऊण तासानं वरची फिल्म एका कोपऱ्यातून आपणहून उचलली गेली. पाणी आत शिरायला लागलं. तिला ओढलं नाही, पाण्यातच हलवत राहिलो. सुटली की दुसऱ्या घमेल्यात हलकेच खळबळून चिकटलेला गाळ जाऊ द्यायचा, हात लावायचा नाही. मग एका कोपऱ्याला चिमटा लावून व्हरांड्यातल्या दोरीवर, सावलीत, एकमेकींना लागणार नाहीत अशा बेतानं. संध्याकाळपर्यंत आठही दोरीवर होत्या.

त्यांतल्या तीन गेल्याच होत्या. चित्र धुऊन जाऊन नुसतं निळं प्लॅस्टिक उरलं होतं. दोघींवर नकाशासारखे डाग. तिघी वाचल्या, आणि त्यांत १९९८ ची एक होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती व्ह्यू बॉक्सवर नव्या फिल्मशेजारी लावली. उजवीकडची सावली तिथेच होती, त्याच आकाराची, आणि कडेच्या ओरखड्यासारख्या रेषाही त्याच. थुंकीची तपासणी केलीच, तीही निर्दोष आली. खोकला वेगळ्याच कारणानं होता.

हे सगळं दोन दिवसांच्या आत करावं लागतं. ताबडतोब जमणार नसेल तर गठ्ठा पाण्यासकट पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, पण तो वाळू देऊ नका. बऱ्याच ड्राय फिल्मवर जिलेटिन नसतं, त्या पाण्याला जास्त सोसतात. गार पाण्यानं गाळ काढायचा, मऊ कापडानं टिपायचं, सावलीत वाळवायचं. थर्मल कागद मात्र भिजला की त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा, बाकी सगळं नंतर.

"घरात एक्स-रे ठेवला तर किरणं बाहेर पडतात ना?"

नाही. हा प्रश्न मला अजून दर महिन्याला कुणीतरी विचारतं, आणि घरात लहान मूल असलं की हमखास. क्ष-किरण मशिनचं बटण दाबल्यावर क्षणभर निघतात आणि बटण सोडलं की संपतात. फिल्मवर उरते ती त्यांची खूण. लग्नात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोतून अल्बम उघडल्यावर उजेड पडत नाही, तसंच हे. गरोदर बाईनं ती हातात धरली, उशाशी ठेवली तरी किरणांचा धोका शून्य. या भीतीनं लोक फोटो गोठ्यात नेऊन ठेवतात, आणि तिथे ते खरोखरच खराब होतात.

"जुने फोटो डॉक्टर बघतात तरी का?"

मामांचं उदाहरण एकटं नाही. फुफ्फुसात छोटी गाठ दिसली तर डॉक्टरांना सगळ्यांत आधी हवा असतो जुना फोटो. घट्ट गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फार कमी होते. दोन वर्षांपूर्वीची फिल्म हाताशी असली तर हे उत्तर आजच मिळतं. नसली तर नवे सिटी स्कॅन, कधी सुई घालून तपासणी, आणि दरम्यान घरच्यांच्या झोपा उडालेल्या. हाड जुळतंय का, रॉड सरकला का, मणक्याची गादी आणखी बाहेर आली का, यातलं कशाचंही उत्तर एका फोटोत नसतं, दोन फोटोंच्या मधल्या फरकात असतं. अपघाताच्या दाव्यात कोर्टापुढेही फिल्म लागते.

एक रास्त तक्रार लोक करतात: जुन्या फिल्म नेल्या तरी डॉक्टर पाकीट उघडत नाहीत. होतं असं. गर्दी असते, आणि वीस पाकिटांची मोळी समोर आली की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. म्हणून सगळी मोळी नेऊ नका. त्याच अवयवाची सगळ्यांत जुनी आणि अगदी अलीकडची, अशा दोन वर ठेवा. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहा: कशाचा फोटो, तारीख, कशासाठी काढला. 'छाती, मार्च २०१७, ऑपरेशनआधी' एवढं पुरे. आणि फिल्मबरोबरचा लेखी रिपोर्ट त्याच पाकिटात. तो वेगळा झाला की अर्धी किंमत गेली.

"आता तर सगळं मोबाईलवर येतं"

खरं आहे, आणि ते चांगलंच आहे. पुष्कळ सेंटर आता फिल्मऐवजी लिंक किंवा सीडी देतात. पण मोबाईलवर काय आलं ते बघा. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपनं पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक तपशील जातो. 'डॉक्टरांना लवकर कळवायला' तो ठीक, निदानाला नाही. मूळ डिजिटल फाईल वेगळी असते. तिला डायकॉम म्हणतात. जगभरच्या मशिनांनी एकमेकांचे स्कॅन वाचावेत म्हणून ठरवलेला हा साचा. एमआरआयच्या फिल्मवर निवडक चित्रं असतात, डायकॉममध्ये सगळी असतात, आणि डॉक्टर ती कॉम्प्युटरवर गडद-फिकी करून बघू शकतात. फिल्मवर तसं करता येत नाही.

तर सीडी मिळाली की लगेच तिचा सगळा फोल्डर पेन ड्राईव्हवर आणि आणखी एका जागी उतरवून घ्या. घरात येणाऱ्या सीडीवर माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते. उन्हात ठेवली, ओरखडा पडला की ती वाचता येत नाही, आणि आता नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. लिंक मिळाली असेल तर ती किती दिवस चालू राहणार हे काउंटरवर विचारा आणि मुदतीच्या आत उतरवून घ्या. घरातलं कुणीतरी शिकलेलं पोर हे दहा मिनिटांत करतं, त्याला बसवा. पण एक फिल्मही राहू द्या. तालुक्याच्या दवाखान्यात वीज गेलेली असते तेव्हा ती खिडकीशी धरून बघता येते.

हॉस्पिटलकडे काय मागता येतं

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात, आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. म्हणजे फिल्म खराब झाली तर लगेच हताश होऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पण तीन वर्षांपलीकडे मात्र त्यांच्यावर विसंबू नका. म्हणून १९९८ चा फोटो फक्त मामींच्याच गादीखाली होता.

जाता जाता माझ्या धंद्यातल्या नव्या पोरांसाठी. कोरी फिल्मही जिवंत माल आहे. खोकी उभी ठेवा, एकावर एक रचू नका, एक्स-रे खोलीच्या भिंतीला आणि द्रावणांच्या कॅनला लागून नको. जी आधी आली ती आधी वापरा. उन्हाळ्यात स्टोअरचा एसी रात्री बंद करून पैसे वाचवले तर ते पेशंटच्या धुरकट फिल्ममध्ये वसूल होतात.

ग्रहण, भंगार आणि चांदी

ग्रहण आलं की गल्लीत जुन्या एक्स-रेची मागणी वाढते. देऊ नका. दाट काळी दिसली तरी फिल्ममधून डोळ्याला न दिसणारे उष्ण किरण आत जाऊ शकतात, आणि डोळ्याच्या पडद्याला जळताना दुखत नाही, त्यामुळे इजा कळतच नाही. छातीच्या फोटोत तर हाडांची पांढरी जागा म्हणजे उघडी खिडकीच. ग्रहणासाठी बनवलेले प्रमाणित चष्मे मिळतात, तेच वापरा.

ज्या फिल्म खरोखरच नकोत त्यांचं काय? त्या जाळू नका. पॉलिस्टरचा धूर छातीत जातो आणि चांदीही वाया जाते. हो, त्यात खरी चांदी आहे, अगदी थोडी, पण भंगारवाला साध्या प्लॅस्टिकपेक्षा जास्त भाव देतो तो तिच्यामुळेच. विटा, खानापूर, आटपाडीच्या लोकांना हे सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या देशभर गलाईच्या भट्ट्या चालवून सोनं-चांदी गाळणारी माणसं तिथलीच. पण हे काम आम्लांचं आणि घातक धुराचं, घरच्या मोरीत करायचं नाही. हॉस्पिटलचं वापरलेलं डेव्हलपर-हायपोचं पाणीही गटारात सोडायला बंदी आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते रासायनिक द्रव कचऱ्यात मोडतं.

देण्याआधी तीन गोष्टी बघा. फिल्म टीबीची, कर्करोगाची, हृदयाची किंवा शरीरात बसवलेल्या रॉड-प्लेटची असेल तर देऊ नका, ती आयुष्यभर लागू शकते. कोर्टात दावा चालू असेल तर निकाल आणि अपील संपेपर्यंत देऊ नका. आणि जी देणार आहात तिचा नाव, वय, नंबर असलेला कोपरा कात्रीनं कापून घ्या. मामींनी त्या तीन निळ्या कोऱ्या फिल्म भंगारात दिल्या. उरलेल्या पाच, डागाळलेल्या दोन धरून, आता लोखंडी कपाटातल्या चपट्या डब्यात आहेत, वरच्या मजल्यावर, भिंतीपासून लांब.